जोंधळ्याचा माग घेत परक्या विषयांत कसं शिरावं

मी नऊ वर्षांची असताना आमच्या आत्याची गाभण गाय किराळ लागून मेली. पावसानं ओढ दिली होती. खरिपाची ज्वारी वाढ खुंटून सुकत चालली होती. गाय दावं तोडून त्या रानात शिरली, पोटभर चरली आणि तासाभरात पाय ताणून आडवी झाली. आत्या एवढंच म्हणाली, "कवळी ज्वारी खाल्ली गं. किराळ लागली."

पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी, ग्रंथालयात रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला जुना शोधनिबंध काढून देताना मला 'धुरिन' हा शब्द भेटला. ज्वारीच्या कोवळ्या पानांत असणारं हे द्रव्य पोटात फुटलं की त्यातून सायनाइड सुटतं. पाण्याच्या ताणानं वाढ खुंटलेल्या रोपांत ते जास्त असतं. डन्स्टन आणि हेन्री या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ साली ते वेगळं काढून दाखवलं होतं. आत्याला ठाऊक असलेली गोष्ट आणि त्या निबंधातली गोष्ट एकच होती. त्या दिवशी मी घरी जाऊन एका कोऱ्या कार्डावर वर 'किराळ' आणि खाली 'धुरिन' लिहिलं. माझं संशोधन तिथून सुरू झालं.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी ३१ वर्षं ग्रंथपाल होते. शिक्षण मराठीतलं, वर ग्रंथालयशास्त्राची पदवी. निवृत्तीनंतर सहा वर्षं मी जोंधळ्याच्या मागे आहे आणि त्यासाठी वनस्पतिशास्त्र, पुरातत्त्व, इतिहास, भाषाशास्त्र, आहारशास्त्र, पशुवैद्यक आणि लोकसाहित्य अशा सात दारांतून जावं लागलं. शेवटचं सोडलं तर यातलं एकही माझं घर नाही. पीएचडी करणारी, एम.ए.चा प्रबंध लिहिणारी, गावाचा इतिहास लिहायला बसलेली पुष्कळ मंडळी मला विचारतात, की आपला नसलेला विषय वाचायचा कसा. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं मुळात एकच आहे. परक्या विषयात शिरलात की तिथली माणसं पुरावा कशाला म्हणतात, हे सगळ्यांत आधी शिकून घ्या. त्यांचे निष्कर्ष नंतर वाचा.

विषय नको, वस्तू धरा

"महाराष्ट्रातील ज्वारी: एक सर्वांगीण अभ्यास" असली शीर्षकं घेऊन मुलं यायची तेव्हा मी त्यांना रॅकांमधून फिरवून आणायची. ड्यूईच्या वर्गीकरणात पिकं ६३३ला, जनावरांची दुखणी ६३६ला, आहार ६१३ला, लोकसाहित्य ३९८ला, मराठी भाषा ४९१ला आणि आपल्याकडचा इतिहास ९५४ला. एकच जोंधळा सहा रॅकांवर सांडलेला. "सर्वांगीण" म्हणजे ही सगळी रॅकं वाचणं, आणि ते कुणालाच जमत नाही. प्रश्न बारीक केला तर मात्र कुठल्या रॅकवरचं काय लागेल ते आपोआप कळतं.

माझे प्रश्न असे होते. जोंधळा आपल्याकडे केव्हा आला? त्याला ही नावं कशी पडली? दुष्काळात त्याचा भाव कुठवर चढायचा? केवळ त्याच्या भाकरीवर जगणाऱ्या माणसाला काय होतं? आणि किराळ. प्रत्येक प्रश्न वेगळ्या कार्डावर लिहिला आणि खाली लिहिलं, "याचं उत्तर कोणाच्या हत्यारानं निघेल?" पहिल्याचं उत्तर जमिनीतून निघेल, जुन्या पोथीतून नाही. तिसऱ्याचं दप्तरातून निघेल. चौथ्याचं माणसांच्या रक्त-लघवीच्या तपासणीतून. हे एवढं ठरायला मला तीन महिने लागले, आणि ते तीन महिने मी आजही वाया गेलेले मानत नाही.

नावांची वही

परक्या विषयात हाती काही लागत नाही याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आपण आपल्या नावानं हाक मारतो आणि ती वस्तू तिथे दुसऱ्याच नावानं राहत असते. म्हणून पहिल्या आठवड्यात वाचन करायचंच नाही. फक्त नावं गोळा करायची.

आज वनस्पतिशास्त्रात जोंधळा म्हणजे सोर्घम बायकलर. पण हे नाव टाकून शोधलंत तर १९०२चा तो निबंध सापडणार नाही, कारण त्याच्या शीर्षकात 'ग्रेट मिलेट, सोर्घम व्हल्गेर' असं आहे. लिनियसनं १७५३ साली ठेवलेलं नाव होल्कस सोर्घम. मोएंखनं १७९४ साली सोर्घम ही प्रजाती (जीनस) वेगळी केली. मधल्या काळात कित्येक लेखक अँड्रोपोगॉन सोर्घम लिहीत. मद्रासकडच्या इंग्रजी अहवालांत तो 'चोलम' म्हणून येतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांत 'ज्वारी, इंडियन मिलेट' म्हणून. तिथेच बाजरीला 'स्पाइक्ड मिलेट' म्हणतात, आणि 'इंडियन कॉर्न' लिहिलं असेल तर तो मका. एका विद्यार्थ्यानं 'इंडियन कॉर्न'चे आकडे ज्वारीचे म्हणून तक्त्यात भरले होते. सगळं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

मग आपल्याकडची नावं. शाळू, मालदांडी, दगडी, हुरड्याची गुळभेंडी. सीमेपलीकडे कन्नडात जोळ. संस्कृत कोशांत यावनाल. १९६४ साली देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण, सीएसएच-१, आलं. तेव्हापासून आमच्याकडची म्हातारी माणसं खरिपाच्या ज्वारीला सरसकट 'हायब्रीड' म्हणतात आणि 'ज्वारी' म्हणजे त्यांच्या लेखी रब्बीचीच. आणि 'मिलो'. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिचं हे नाव. आमच्या गल्लीतल्या एक आजी शपथेवर सांगायच्या, "मिलो म्हणजे ज्वारी न्हवंच." वनस्पतिशास्त्र सांगतं, की तीही सोर्घम बायकलरच. मी दोन्ही वहीत लिहिलं. रोपाची जात कोणती, या प्रश्नाला आजींचं म्हणणं उत्तर नाही. पण लोकांनी काय ज्वारी मानलं आणि काय मानलं नाही, या प्रश्नाला ते पहिल्या प्रतीचं उत्तर आहे.

वहीत प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी हव्यात: कुठल्या भागात, कुठल्या काळात, कोण वापरत होतं. मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. नावं गोळा करायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

इथे पुरावा कशाला म्हणतात?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. निष्कर्षांपाशी थांबणारा वाचक सगळ्या विषयांना एकाच तागडीत घालतो. प्रत्येक विषयात 'सिद्ध झालं' याचा अर्थ वेगळा असतो.

आधी पुरातत्त्व. उत्खननात जळून कोळसा झालेला दाणा सापडतो. ज्या थरात सापडला त्या थराचं वय त्या दाण्याचं वय, असं मला वाटायचं. मग एका अभ्यासकाच्या निबंधात वाचलं, की लहान दाणा उंदराच्या बिळातून, मुळांच्या पोकळीतून खालच्या जुन्या थरात उतरू शकतो. हे मला लगेच पटलं. आमच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यात काय काय पडतं ते शेतकऱ्याला विचारा. त्यामुळे आता अभ्यासक थराचं वय सांगून थांबत नाहीत, खुद्द दाण्याचं कार्बन वय मागतात. शिवाय भाजून फुगलेला ज्वारीचा दाणा आणि दुसऱ्या एखाद्या तृणधान्याचा दाणा यांत गफलत होते. म्हणून भारतातल्या अतिप्राचीन ज्वारीचे काही जुने दावे तज्ज्ञ आज मान्य करत नाहीत. हे कळल्यावर मी माझ्या टिपणांतल्या प्रत्येक "इतक्या हजार वर्षांपूर्वी"पुढे पेन्सिलीनं लिहिलं, "दाण्याचं वय की थराचं?" निम्म्या ठिकाणी उत्तर मिळालं नाही. ती निम्मी वाक्यं मी माझ्या लेखात घेतली नाहीत.

जोंधळ्याचं मूळ घर आफ्रिका. तिथला एक पुरावा मला इतका आवडतो, की प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी तो सांगते. पूर्व सुदानमध्ये कसालाजवळच्या एका जुन्या वस्तीतली खापरं अभ्यासकांनी तपासली. कुंभारानं माती बांधून यावी म्हणून तिच्यात ज्वारीचा भुसा मिसळला होता. भट्टीत भुसा जळून गेला, मातीत त्याचे ठसे राहिले. ज्वारीची मळणी पाहिलेल्या माणसाला पुढचं लगेच समजेल. रानटी जोंधळ्याचा दाणा पिकला की आपण होऊन गळतो, त्यामुळे देठाशी गुळगुळीत खूण राहते. माणसानं जोपासलेल्या जोंधळ्याचा दाणा गळत नाही, झोडपून काढावा लागतो, त्यामुळे देठ फाटल्याची खडबडीत खूण राहते. त्या ठशांत दोन्ही खुणा सापडल्या. म्हणजे इ. स. पू. चौथ्या सहस्रकात तिथे माणूस जोंधळ्याला माणसाळवत होता. हा निबंध २०१७ साली आला. एकही दाणा हाती नसताना खापरावरून पिकाचा इतिहास निघाला. मी तो निबंध तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा आधी पद्धतीचं प्रकरण वाचलं.

हाडांचा पुरावा आणखी वेगळा. प्रकाशसंश्लेषणाच्या दोन तऱ्हा असतात. ज्वारी, बाजरी, ऊस, मका एका तऱ्हेचे, तांदूळ, गहू, जव, डाळी दुसऱ्या. खाणाऱ्याच्या हाडांतल्या कार्बनमध्ये त्याची खूण उरते. पण ती खूण 'पहिल्या गटातलं काहीतरी खाल्लं' एवढंच सांगते. ज्वारी की बाजरी हे सांगत नाही. ज्वारीचा कडबा खाणाऱ्या गाईचं दूध पिऊनही ती खूण माणसापर्यंत येते. हे ज्याला माहीत नाही तो उत्साहात लिहून जातो, "हाडांवरून सिद्ध झाले की लोक ज्वारी खात होते."

भाषाशास्त्रात गेलात तर ध्वनिसाम्यावर भुलू नका. यावनाल या शब्दात 'यवन' दिसतो म्हणून ज्वारी ग्रीकांनी आणली, असं एका मुलानं लिहून आणलं होतं. त्याला मी म्हटलं, की 'यव' आणि 'नाल', म्हणजे जवासारखा दांडा, अशीही फोड करता येते, आता ठरवायचं कसं? भाषाशास्त्रज्ञ विचारतो, हाच ध्वनिबदल या भाषेत दुसऱ्या शब्दांतही झाला आहे का? तसा नियम दाखवता आला तर पुढे जायचं. टर्नरच्या कोशात काही शब्दांआधी फुली असते. ती फुली म्हणजे हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, तो अनुमानानं बांधला आहे. फुली न पाहता शब्द उतरवणं ही मोठी चूक आहे.

लोकसाहित्य आणि संतचरित्रं हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली, आणि विठोबानं विठू महार होऊन पैसे भरले, ही कथा मी आजीच्या मांडीवर ऐकली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पहिलं नाव निघालं ते दामाजीपंतांचंच. महिपतींनी ही कथा १७६२च्या भक्तविजयात सांगितली आहे. दामाजीपंतांचा काळ त्याच्या सुमारे तीन शतकं आधीचा मानतात. तेव्हा पंधराव्या शतकात कोठारात किती धान्य होतं, याला ही कथा पुरावा होत नाही. पण अठराव्या शतकातल्या मराठी माणसाला धान्य, सत्ता आणि दया यांचं नातं कसं असावंसं वाटत होतं, याला याहून बळकट पुरावा मिळायचा नाही. जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखावर ओव्या जमा झाल्या आहेत. दळणाऱ्या बाईच्या मनात काय होतं हे दुसरं कुठलंही दप्तर सांगणार नाही.

दुसऱ्याच्या विषयात जाऊन तिथलं हत्यार स्वतः हातात घेणारा माणूस कसा असतो, हे पाहायचं तर दामोदर धर्मानंद कोसंबींकडे पाहा. १९०७ साली गोव्यात जन्मलेले, पेशानं गणिती. प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांकडे वळले तेव्हा नाणेतज्ज्ञांची वर्णनं वाचून थांबले नाहीत, तराजू घेऊन नाणी तोलायला बसले. नाणं हातोहाती फिरताना झिजतं आणि हलकं होतं, तेव्हा गटागटांची वजनं संख्याशास्त्रानं तपासली तर त्यांचा क्रम लावता येतो. त्यांनीच भर्तृहरीच्या सुभाषितांची पाठचिकित्सा केली. ज्वारीच्या जनुकांचे नकाशे मांडणारे निबंध वाचताना पद्धतीच्या प्रकरणात मला 'कोसंबी मॅपिंग फंक्शन' असे शब्द दिसले आणि मी वाचन थांबवून उठलेच. तेच कोसंबी. १९४४ साली आलेलं त्यांचं ते सूत्र आजही जनुकांमधलं अंतर मोजायला वापरतात.

शोधायचं कसं

हा भाग लवकर शिकता येतो. नव्या विषयात पहिल्यांदा आढावा घेणारा अलीकडचा एक निबंध शोधा. तो पूर्ण समजला नाही तरी चालेल. त्याच्या संदर्भयादीत जी नावं पुन्हा पुन्हा येतात ती लिहून घ्या. मग गूगल स्कॉलरवर त्यांतला एखादा जुना, महत्त्वाचा निबंध उघडून 'साइटेड बाय' दाबा, म्हणजे पुढे त्याचं काय झालं ते कळेल.

हे का करायचं ते पेलाग्राच्या उदाहरणानं सांगते. पेलाग्रा हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार मक्यावर जगणाऱ्यांत पूर्वीपासून माहीत होता. दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही तो दिसला. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, की ज्वारीतलं जास्त प्रमाणातलं ल्युसिन हे अमिनो आम्ल याला कारण असावं. एवढं वाचून थांबलात तर तुम्ही ते सिद्ध सत्य म्हणून लिहाल. पुढे जाऊन पाहिलंत तर दिसतं, की नंतरच्या प्रयोगांत काहींनी त्याला दुजोरा दिला, काहींना तसं आढळलं नाही, आणि वाद राहिला. माझ्या लेखात मी वादासकट लिहिलं. वैद्यकातलं वाचायला पबमेड आहे. तिथे बहुतेक निबंधांचा सारांश तरी फुकट दिसतो.

आपल्याकडचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर असतात, कृषी विद्यापीठांचे कृषिकोशावर. राहुरी, परभणी, अकोल्याच्या विद्यार्थ्यांनी ज्वारीवर केलेलं काम तिथे पाहा. त्यातली मोजमापं फार कसून घेतलेली असतात. पण या प्रबंधांतली पार्श्वभूमीची प्रकरणं जपून वाचा. मालदांडीबद्दलचं एक विधान मला पाच प्रबंधांत सापडलं. पाचांचे संदर्भ मागे मागे नेले तर सगळे एकाच पुस्तिकेशी जाऊन थांबले. एकाच विहिरीचं पाणी पाच घागरींत भरलं होतं. तुमच्या टिपणात 'पाच आधार' असं लिहू नका, विहिरीपर्यंत जा.

इतिहासासाठी सोलापूरचं जुनं गॅझेटिअर, १८८४चं, इंटरनेट अर्काइव्हवर मिळतं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दफ्तर आहे. मोडी येत नसेल तर सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ छापील खंड तरी आहेत. पण मोडी शिकाच. मी बावन्नाव्या वर्षी शिकले.

संदर्भ ठेवायला झोटेरो हे फुकटचं साधन चांगलं आहे. मी मात्र अजून कार्डं वापरते. ग्रंथालयानं तालिका संगणकावर नेली तेव्हा मोडीत निघालेला लाकडी खणांचा एक संच मी रीतसर पावती करून घरी आणला.

सन आणि मापं

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. एका मोडी कागदात शाळूच्या भावाची नोंद होती, सन "सबा सबैन मया व अलफ". अरबी आकडे उलगडले: सात, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारा शुहूर सन, ११७७. शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन, हे पाठ होतं. १७७६ लिहून मोकळी झाले आणि त्या भावाची सांगड त्याआधीच्या पावसाळ्याशी घातली. व्याख्यानातही तसंच सांगितलं.

शुहूर सन मृगापासून सुरू होतो. म्हणजे जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शाळू पेरतात भाद्रपद-आश्विनात आणि काढतात माघ-फाल्गुनात. काढणीनंतरचा तो भाव १७७७चा होता. मी सगळा दुष्काळ एक वर्ष मागे ओढला होता. व्याख्यानाला आलेल्या ज्यांचे पत्ते मिळाले त्या सर्वांना मी दुरुस्तीचं पोस्टकार्ड पाठवलं. तेव्हापासून तारखेचं कार्ड भरताना मी चार रकाने करते: कागदावर आहे तसा सन, तिथी किंवा चंद्र (मुसलमानी महिन्याची तारीख), माझं इसवी सनातलं रूपांतर, आणि त्या वेळी शेतात कुठलं काम चालू असेल ते. चौथा रकाना चूक पकडतो.

मापांचं तसंच. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हे शाळेत शिकलो. पण शेर गावोगाव निराळा, आणि धान्य मापायचा शेर आणि तोलायचा शेरही निराळा. म्हणून कागदावरचं माप किलोत बदलून टिपू नका. आहे तसं टिपा, शेजारी कुठल्या पेठेचं ते लिहा, आणि रूपांतर शेवटी करा. इंग्रजी अहवालांत आणखी एक पेच आहे. तिथे भाव 'रुपयाला इतकं धान्य' असा दिलेला असतो. आकडा खाली उतरला म्हणजे महागाई वाढली. १८७६ ते ७८च्या दुष्काळाचे तक्ते वाचताना आलेख उलटा काढणारी तीन मुलं मी पाहिली आहेत, आणि तिघंही हुशार होती.

विचारायचं कोणाला, आणि कसं

तज्ज्ञ उत्तर देत नाहीत अशी तक्रार मी खूप ऐकते. मला बहुतेकांनी उत्तर दिलं, कारण मी एका पत्रात एकच प्रश्न विचारते. पहिल्या ओळीत मी कोण. दुसऱ्यात त्यांचा कुठला निबंध वाचला. तिसऱ्यात कुठल्या पानावर अडले. मग प्रश्न, असा की त्याचं उत्तर दोन ओळींत देता यावं. "ज्वारीच्या इतिहासाबद्दल मार्गदर्शन करावे" या पत्राला कोण काय लिहिणार? "तक्ता दोनमधलं तिसऱ्या नमुन्याचं वय दाण्यावरून काढलं आहे की कोळशावरून?" याला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

शेतकरीही तज्ज्ञच. त्यांच्याकडे पेरणीच्या धांदलीत जाऊ नका. हुरड्याच्या दिवसांत जा, आगटीपाशी बसलेलं माणूस निवांत बोलतं. नाव छापायचं का ते आधी विचारा. ज्यांनी नको म्हटलं त्यांचं गावही मी लिहिलेलं नाही. छापून आल्यावर एक प्रत हातानं नेऊन द्या, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. एका आजोबांना वाचून दाखवताना त्यांनी माझ्या दोन चुका काढल्या. एक कडब्याच्या पेंढ्यांच्या मोजणीची होती आणि ती कुठल्याच पुस्तकात मिळाली नसती.

लिहिताना

मी आधी एक तक्ता करते. डावीकडे प्रश्न, पुढे प्रत्येक विषयाला एक रकाना. रकान्यात निष्कर्ष लिहीत नाही, पुरावा लिहिते: ठसा, दाणा, शब्द, कागद, ओवी, रक्ताची तपासणी, माणसाचं बोलणं. पुष्कळ रकाने रिकामे राहतात. ते रिकामेच ठेवते. भाषाशास्त्राच्या रकान्यातलं अनुमान उचलून पुरातत्त्वाच्या रिकाम्या रकान्यात टाकलं, की लेख भरलेला दिसतो आणि खोटा होतो. दोन रकाने स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी येऊन पोचले तर ते मात्र ठळक लिहा, तसं क्वचितच घडतं.

मजकूर झाला की त्या त्या विषयाच्या माणसाला फक्त त्याचा परिच्छेद पाठवते. सगळा लेख वाचायला कुणाला वेळ नसतो, एक परिच्छेद कुणीही वाचतं. पशुवैद्यकाच्या डॉक्टरांनी माझ्या किराळच्या परिच्छेदातलं एक वाक्य खोडून समासात लिहिलं होतं, "ताटाची उंची किती होती?" मला माहीत नव्हतं. आत्याला विचारायला आत्या राहिली नाही.

म्हणून ते कार्ड अजून पुरं झालेलं नाही. वर आत्याचं वाक्य आहे, खाली १९०२, आणि त्याखाली डॉक्टरांचा प्रश्न. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय जनावर सोडू नये असं बहुतेक गावांत सांगतात, काही ठिकाणी कंबरेएवढी झाली की चालतं म्हणतात. पाऊस लांबला की यंदा त्या गावांत पुन्हा जाणार आहे, शिवणाची फीत पिशवीत घेऊन.